शालेय ग्रंथालयांची कुलुपे उघडा

आजची मुले वाचीत नाहीत, अशी तक्रार पालकसभांतून वारंवार ऐकू येते. मोबाइलवर दोष टाकला की सर्वांचे समाधान होते. आमचा प्रश्न निराळा आहे : वाचण्याजोगे काही आपण त्यांच्या हाती दिले काय? कित्येक शाळांत ग्रंथालय म्हणजे कार्यालयातील एक काचेचे कपाट. त्याची किल्ली तपासणीच्या दिवशी तेवढी सापडते!

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात नमूद आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्या निर्णयाने आमच्या शाळांवरील कायद्याचे बंधन सैल झाले असेल. मुलांविषयीचे कर्तव्य मात्र तसूभरही कमी झालेले नाही.

'पुस्तके फाटतील, हरवतील', हा संस्थाचालकांचा ठरलेला बचाव. पुस्तके वापरासाठी असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र. आणि आमचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, कारण भाविकांनी तो वाचला, ऐकला आणि हाताने उतरवून घेतला. वाचकांनीच तो राखला. मग चार पाने फाटण्याची एवढी धास्ती कशाला?

लेखकांच्या बाबतीतही तीच उदासीनता. वार्षिक समारंभात लेखकाला पाहुणा म्हणून बोलवायचे, हार घालायचा, बक्षिसे वाटून घ्यायची आणि निरोप द्यायचा. त्याचे एकही पान सभागृहातील मुलांनी वाचलेले नसते. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण अभिनंदनाचे फलक लावले. २०२४ साली ते निवर्तले. त्या फलकांखालून शाळेत गेलेल्या किती मुलांनी त्यांचे पुस्तक उघडले असेल?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आठवड्याला एक तास केवळ वाचनाचा असावा. त्यावर परीक्षा नको, गुण नकोत. पुस्तक मुलांनी स्वतः निवडून घरी न्यावे. फाटल्यास दंड नको, चिकटवायला शिकवावे. लेखकाला जरूर बोलवावे, पण मुलांनी त्याचे पुस्तक वाचल्यानंतर. आणि त्या दिवशी भाषणे बंद ठेवून प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत.

पालकहो, तुम्हीही हात झटकू नका. पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्यावर आपण सढळ हाताने खर्च करतो. त्यातील थोडी रक्कम शाळेच्या ग्रंथालयाला द्या. आणि येत्या पालकसभेत गुणपत्रिका मागण्यापूर्वी त्या कपाटाची किल्ली मागा.