वजनातून गणती

पवना नदीच्या एका तीरावर पिंपरी आहे व दुसऱ्या तीरावर काळेवाडी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या परिसरातील कारखानदारीला मोठा वेग आला. मोठ्या कारखान्यांना लागणारे कितीतरी सुटे भाग लहान कारखान्यांत तयार होतात. तेथे दहा हजार नट एकेक करून मोजीत बसणे परवडत नाही. शंभर नटांचे वजन करावे, मग सगळा ढीग काट्यावर ठेवावा. नट किती ते वजनच सांगते.

ही साधी युक्ती ज्याला उमगली, त्याला रसायनशास्त्रातील ‘मोल’ अवघड वाटण्याचे कारण नाही. तरीही पुष्कळ विद्यार्थी या शब्दापाशी अडखळतात. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे, शिकवण्याच्या क्रमाचा आहे.

शब्दही थोडा फसवाच आहे. मराठीत मोल म्हणजे किंमत. परंतु या मोलाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो लॅटिन भाषेतून आला असून मूळ शब्दाचा अर्थ मोठा ढीग, रास असा आहे. बारा वस्तूंचा डझन, विसांची कोडी, तसाच हा मोल. मात्र त्यातील संख्या अतिप्रचंड आहे : ६०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये! जगातील आठशे कोटी माणसे दर सेकंदाला एक याप्रमाणे अखंड मोजू लागली, तरी एक मोल पुरा होण्यास सुमारे चोवीस लाख वर्षे लागतील.

वर्गात बहुधा हीच संख्या आधी पाठ करविली जाते. वस्तुतः तिची पाळी शेवटी यावयास हवी. समजा, एक बोल्ट १४ ग्रॅमचा आणि त्याचा नट ८ ग्रॅमचा आहे. १४ किलो बोल्टांना ८ किलो नट घेतले, की हजारास हजार जोड्या जुळतात. दोन्ही सारख्याच वजनाचे आणले, तर नट उरतात. लोखंड आणि गंधक यांचेही असेच आहे. लोखंडाचा अणू ५६ भारांचा मानला, तर गंधकाचा ३२ भारांचा भरतो. म्हणून ७ ग्रॅम लोहकीस व ४ ग्रॅम गंधक एकत्र तापविल्यास ११ ग्रॅम आयर्न सल्फाइड मिळते. गंधकही ७ ग्रॅम घेतले, तर ३ ग्रॅम गंधकाला जोडीदार मिळत नाही. ५६ ग्रॅम लोखंडात जितके अणू, तितकेच ३२ ग्रॅम गंधकात. ती रास म्हणजेच एक मोल. येथवर त्या अजस्र संख्येची गरज कोठे भासली?

इतिहासही हेच सांगतो. जिला आज अ‍ॅव्होगाड्रोचे नाव आहे, ती संख्या त्या इटालियन शास्त्रज्ञाला ठाऊकच नव्हती. समान तापमानाच्या व दाबाच्या सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते, हे अनुमान त्याने १८११ साली मांडले. १८५६ साली तो वारला. त्याचे नाव त्या संख्येला पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ साली दिले. तोवर रसायनशास्त्रज्ञांचे काम काही अडून राहिले नव्हते.

सूत्र पाठ असले की उदाहरण झटपट सुटते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण भागाकार उलटा झाला, की सूत्रावर विसंबणारा ‘९ ग्रॅम पाण्यात २ मोल रेणू’ असे उत्तर निःशंकपणे लिहून मोकळा होतो. रास ओळखणारा मात्र तेथे थबकतो. १८ ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू असतात. मग पाणी निम्मे झाल्यावर रेणू दुप्पट कसे होतील?