आधीं पिकवा, मग वाटूं : हा उपदेश कोणाच्या फायद्याचा?

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

"आधीं देशाची संपत्ति वाढूं द्या, वाटणीचें मागाहून पाहूं," असा उपदेश शहाणे म्हणविणारे लोक आपणांस रोज करितात. आमचा त्यांस सरळ सवाल आहे : ही संपत्ति वाढविण्याचा खर्च कोणीं सोसला?

कोयनेचें धरण पहा. 1964 सालीं तें पुरें झालें. वीज कारखान्यांस मिळाली. पण ज्यांचीं घरें व शिवारें पाण्याखालीं गेलीं, त्यांच्यांतील कित्येकांचीं नातवंडें पर्यायी जमिनीसाठीं अजून कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आहेत. हें "मागाहून" म्हणजे किती पिढ्यांनीं?

म्हणतात, संपत्ति वरून खालीं आपोआप झिरपते. पाटाच्या टोंकाला ज्याचें शेत आहे त्यास विचारा! पाणी उताराला धांवतें खरें, पण दार वरच्याच्या हातांत असलें कीं खालच्याची चारी कोरडीच राहते.

1882 सालीं महात्मा जोतीरावांनीं हंटर कमिशनला हेंच सांगितलें, कीं सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि खर्च वरच्या वर्गांच्या विद्येवर होतो. आजहि मजूर चपलेवर मालकाइतक्याच दरानें कर भरतो. उलट 2019 सालीं सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आला.

मग धरणें-कारखाने नकोत काय? कोण म्हणतो! शाहू छत्रपतींनीं 1906 सालीं कापडगिरणी काढली, भोगावतीवर राधानगरीचें धरण आरंभिलें. आणि त्याच राजवटींत 1902 सालीं निम्म्या जागा मागासलेल्यांस राखल्या, 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. धरण त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पण त्यासाठीं शाळा थांबल्या नाहींत.

वांटणीनें उत्पन्न बुडतें हेंहि थोतांडच. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानें शहरच्या पगारदारांवर व्यवसाय कर बसविला आणि 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा केला. त्या मजुरींतून नुसत्या चुली पेटल्या नाहींत. पाझर तलाव, बांध, रस्ते झाले. हें उत्पन्न नव्हे काय?

तेव्हां बंधूंनो, गांवांत नवा प्रकल्प आला कीं ग्रामसभेंत उठून विचारा : जमीन कोणाची जाणार, पाणी कोणाला मिळणार, बदली जमीन कोणत्या तारखेस? आधीं पुनर्वसन, मग धरण. पिकविणाऱ्यास पंगतीच्या शेवटीं बसविणारी भरभराट आम्हांस मान्य नाहीं.