परमिट कुणाला, नाका कुणाला?



कापूस वेचणीला आला की फर्दापूर-सोयगाव पट्ट्यात दरसाल एकच वाद निघतो. बऱ्हाणपूरचा भाव बरा असला तर आपली गाडी भरून तिकडे न्यावी की नाही? खेडा खरेदीवाला लगेच सांगतो, "ते दुसरे राज्य. तिथे तुमची गाडी चालत नाही. आरटीओ धरेल, गाडी जमा करेल. कशाला भानगड? माझ्या काट्यावर टाका." आणि रात्री तोच कापूस पहूर, जामनेर, मुक्ताईनगर करीत बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागतो. काट्यावर पडेपर्यंत सीमा असते, पडला की सीमा उठते. ही कसली सीमा, हे आम्हाला एकदा नीट विचारायचे आहे.

सीमेचा अनुभव फर्दापूरला नवा नाही. हे गाव निजामाच्या हद्दीतले, पुढचे वाकोद इंग्रजांच्या खानदेशातले. निजामाच्या राज्यात माल आणा की बाहेर न्या, करोडगिरी द्यावी लागे. निजाम गेला, करोडगिरी गेली, इंग्रज गेला. मग आपले सरकार आले आणि १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केली. महाराष्ट्रातला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. आपल्या शेतातला, आपल्या घामाचा कापूस आपल्या बैलगाडीत घालून शेजारच्या राज्यात नेणारा शेतकरी तस्कर! निजामाने पैसे घेऊन निदान माल जाऊ तरी दिला. २००२-०३ च्या हंगामापासून खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि हा फास सुटला. पण तीस वर्षांत शेतकऱ्याच्या मनात जी भीती बसली ती कायद्याबरोबर गेली नाही. खेडा खरेदीवाला आजही तीच भीती विकून खातो.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. घटनेचे कलम ३०१ सांगते की देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील. लगेच पुढच्या कलमांत या मुक्तीला पळवाटा ठेवल्या आहेत, आणि सरकारे त्या पळवाटांतूनच जातात. अजमेर हे वेगळे राज्य होते तेव्हाची गोष्ट आहे. तिथली एक मोटार कंपनी नसिराबाद ते देवली बस चालवी. वाटेत राजस्थानची एक चिंचोळी पट्टी आडवी येई. तेवढ्या पट्टीवरून चाक गेले म्हणून राजस्थानने गाडीमागे कर मागितला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ९ एप्रिल १९६२ ला सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मताने निकाल दिला, की रस्ता वापरल्याची भरपाई म्हणून घेतलेला कर मुक्त व्यापाराच्या आड येत नाही. पुढे चौपन्न वर्षे राज्यांनी या 'भरपाई'च्या नावाने वसुली केली. २०१६ साली नऊ न्यायमूर्तींनी सांगितले की भरपाईचा हा सिद्धांत कायद्यात मुळात बसतच नाही. आणि त्याच निकालात भेदभाव नसेल तर राज्याने कर खुशाल लावावा, असेही सांगितले. गाडीवाल्याच्या हाती काय आले? पहिल्या निकालात कर होता, दुसऱ्यातही करच राहिला.

परमिटाचे मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच आपल्याला फसवले जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ८८ म्हणते, एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्याने सही केल्याशिवाय तिकडे चालत नाही. खेडा खरेदीवाला एवढेच सांगतो आणि थांबतो. पुढचे तो सांगत नाही. मालट्रकला राष्ट्रीय परवाना म्हणजे नॅशनल परमिट मिळते. पूर्वी त्यासाठी राज्यागणिक वेगळे पैसे भरावे लागत. २०१० साली वर्षाला एकच रक्कम, तेव्हा १५,००० रुपये, भरून सारा देश मोकळा करण्यात आला. आणि ज्या मालगाडीचे गाडी-माल मिळून वजन ३,००० किलोच्या वर जात नाही, तिला कलम ६६ प्रमाणे परमिट लागतच नाही. आपल्या गावागावांत उभा असलेला छोटा हत्ती याच वजनात बसतो. विमा, फिटनेस, पीयूसी धड असावे, गाडीत वजनापेक्षा जास्त भरू नये, मालाला कोणते कागद लागतील ते खरेदीदाराला निघण्याआधीच विचारावे. एवढे केले तर पाच-सहा क्विंटल कापूस घेऊन सीमेपार जायला कुणाच्या बापाचे परमिट लागत नाही.

मग अडते कुठे? अडते परतीच्या भाड्यात. नॅशनल परमिटची गाडी दुसऱ्या राज्यातल्या एका गावाहून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावाला माल नेऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या ट्रकने बऱ्हाणपूरला कापूस उतरवला आणि खंडव्याचे भाडे समोर उभे असले, तरी ते घेता येत नाही. महाराष्ट्राकडचे भाडे मिळेपर्यंत थांबा, नाहीतर रिकामे परत या. ज्याच्या वीस गाड्या आहेत, ज्याचे दोन्हीकडे दलाल आहेत, तो परतीचे भाडे आधीच ठरवून निघतो. ज्याची एकच गाडी आहे त्याचे डिझेल रिकाम्या गाडीत जळते आणि तो खर्च कापसाच्या भावातून वजा होतो. सीमा अशी काम करते. ती मोठ्याला अडवत नाही, लहानाला महाग पडते.

माणसांच्या गाडीचे तर याहून विचित्र. अजिंठा लेणी पाहायला गुजरातेतून, मध्यप्रदेशातून आरामगाड्या येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे एक अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन काढला की ती बस कुठल्याही राज्यात हिंडते. (फर्दापूरच्या फाट्यावर मात्र तिलाही थांबावे लागते, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच. ते चित्रांना धूर लागू नये म्हणून आहे, त्याला आमची हरकत नाही.) पण कापूस वेचायला येणाऱ्या खरगोन-बडवानीकडच्या मजुरांना सीमा ओलांडायला साधी टप्पा वाहतुकीची बस हवी असेल, तर दोन राज्य सरकारांचा करार लागतो. कुठला मार्ग, किती फेऱ्या, कुणाचे किती किलोमीटर, सारे त्यात लिहिलेले. समोर मध्यप्रदेशात तर करार करायला महामंडळच उरले नाही, त्यांनी आपले २००५ पासून गुंडाळायला घेतले. आणि सरकारांचे बिनसले की पहिली बंद होते ती बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकात भाषेवरून मारहाण झाली आणि एसटीच्या तिकडच्या फेऱ्या थांबल्या. ट्रक कुणी थांबवले नाहीत. मजूर मग येतात कसे? मालाच्या पिकअपमध्ये, पोत्यांसारखे कोंबून. अपघात झाला की ड्रायव्हरवर गुन्हा. बस का नव्हती, हे कुणी विचारत नाही.

आमच्यातलेच काही म्हणतील, सीमा असलेली बरी, बाहेरचा माल येऊन आपला भाव पाडत नाही. त्यांनी सप्टेंबर २०२३ आठवावे. पाऊस कमी झाला, साखर कारखान्यांना ऊस कमी पडणार असे दिसले, आणि महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. कर्नाटकचे कारखाने जास्त भाव देतील ही भीती होती. शेतकरी उठले तेव्हा काही दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. सीमा बंद होते ती भाव चढायला लागला की. भाव पडतो तेव्हा कोणते सरकार शेतकऱ्यासाठी नाका लावते?

नाक्यांचेही असेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, पण परिवहन खात्याचे नाके उभेच राहिले. गुजरातने आपले नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले. मध्यप्रदेशने १ जुलै २०२४ पासून बंद केले. त्यांच्या तिजोऱ्या काही बुडाल्या नाहीत.

देशाच्या सीमेवर हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. बांगलादेश आपल्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक. पण आपला ट्रक पेट्रापोलहून बेनापोलला जातो, तिथे माल उतरवतो आणि मागे फिरतो. पुढे त्यांची गाडी, त्यांचे हमाल, नवे भाडे. १५ जून २०१५ ला थिंफूत भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या चालू देण्याचा करार केला. भूतानच्या संसदेत तो अडकला. मालाला सील लावून ट्रक अनेक देशांतून न उघडता नेण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१७ साली सामील झाला. आपल्या कापसाच्या ट्रकला बेनापोलचे उतरवणे त्याने चुकले नाही. तिकडे युरोपात पोलंडचा ट्रक स्पेनपर्यंत एका परवान्यावर जातो, आणि परतीचा तोटा कमी व्हावा म्हणून परक्या देशात सात दिवसांत तीन स्थानिक भाडीही त्याला घेता येतात. सत्तावीस देशांना जे जमते ते आपल्याच दोन राज्यांत महाराष्ट्राच्या ट्रकला जमू नये!

जिल्हा बैठकीत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. नॅशनल परमिटच्या गाडीला परतीच्या वाटेवर दुसऱ्या राज्यातली निदान काही भाडी घेऊ द्यावीत. महाराष्ट्राने परिवहन नाक्यांची वसुली कायमची सोडावी. कापूस वेचणीच्या हंगामात जळगाव-बऱ्हाणपूर मार्गावर जादा बस सोडाव्यात, आणि सरकारला जमत नसेल तर जो चालवेल त्याला परमिट द्यावे. कलम ८८ प्रमाणे दोन राज्यांच्या बसकराराचा प्रस्ताव राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून हरकती मागवाव्याच लागतात. आजवर त्या कापूसवाल्यांनी कधी नोंदवल्या नाहीत. पुढचा प्रस्ताव निघेल तेव्हा गावागावातून अर्ज गेले पाहिजेत.

ज्यांच्याकडे छोटा हत्ती किंवा पिकअप आहे त्यांनी बैठकीला येताना आरसी बुक बरोबर आणावे. त्यावर वजन किती लिहिले आहे ते तिथेच पाहू, आणि पहिल्या वेचणीला कोणकोणत्या गाड्या बऱ्हाणपूरला निघतील ते ठरवू.