चाक वाढले, मीटर मात्र जुनाच

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडीचा टोलनाका लागतो. इथे राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी आहे, त्यामुळे नाका ओलांडताच गाड्या सुसाट सुटतात. मूळ टायर काढून उंच, रुंद टायर बसवलेल्या जीपही त्यात असतात. गाडी दणकट दिसते, कच्च्या रस्त्यावर खाली घासत नाही, असा मालकाचा हिशेब. पण टायर बदलल्याचे गाडीतल्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते.

गाडीला आपला वेग थेट कळत नाही. सेन्सर चाकांचे किंवा गिअरबॉक्समधले फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कंपनीने आधीच भरलेला असतो. त्यावरून संगणक वेग काढतो. टायरचा घेर वाढला तरी तो आकडा जुनाच राहतो.

एक उदाहरण घेऊ. २१५/७५ आर १५ हे जीपवर्गातले ओळखीचे माप. २१५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच आहे ते, आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. त्याजागी २३५/७५ आर १५ बसवला, तर तो ७३४ च्या घरात जातो. वाढ सव्वाचार टक्क्यांची. आधी बिनचूक असलेला मीटर आता १०० दाखवेल, तेव्हा गाडी १०४ ने धावत असेल.

फरक किरकोळ वाटतो. पण धडकेची ऊर्जा आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग सव्वाचार टक्क्यांनी वाढला की ही दोन्ही जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतात. नव्या गाडीचा मीटर सहसा वेग किंचित जास्तच दाखवतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार त्याने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवणे चालत नाही. मोठा टायर सुरक्षेसाठी ठेवलेली ही सूटच खाऊन टाकतो. देशात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली. त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले.

दुसरा धोका ब्रेकचा. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. ही यंत्रणा चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करते आणि ब्रेक लावताना एखादे चाक अडकू लागले की त्याचा दाब सैल करते. चारही टायर सारखेच वाढले तर तुलना फारशी बिघडत नाही. पण पैसे वाचवण्यासाठी दोनच टायर वेगळ्या मापाचे टाकले, तर काही चाके घसरत आहेत असा संगणकाचा समज होऊ शकतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि काही गाड्यांत एबीएस किंवा घसरण रोखणारी यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. चाकाच्या फेऱ्यांवरून हवेचा दाब ओळखणारी यंत्रणाही अशीच फसते.

याच रस्त्याने नवरात्रात आणि कोजागिरीला हजारो भाविक तुळजापूरला चालत जातात. अंधारात समोर माणसे दिसल्यावर गाडी दोन-तीन मीटर अलीकडे थांबते की पलीकडे, यावर त्यांचा जीव अवलंबून असतो.

कायदाही मालकाच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

याचा अर्थ टायर बदलूच नये असा नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मान्य मापे दिलेली असतात, त्यांतलेच निवडावे. रिम मोठी झाली तरी एकूण व्यास तोच राहू शकतो. १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या दोन्हींचा व्यास जवळपास ६२१ मिलिमीटरच आहे. मात्र असे जुळते मापही आपल्या गाडीच्या यादीत आहे का, हे पाहावेच.

टायर आधीच बदलले असतील, तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात गाडी चालवून शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायला सांगावे. मीटर त्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये संगणकात टायरचे माप बदलता येते का ते विचारावे. ते जमत नसेल, तर मूळ मापाचे टायर परत बसवावेत.