पुतळ्याखाली काय लिहिणार?



तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या बागेत थोर पुरुषांचे पुतळे बसवायचे घाटत आहे. यादीत डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. आनंदच आहे. पण चौथऱ्यावर लिहिणार काय? 'शिक्षणमहर्षी', जन्म, मृत्यू आणि खाली उद्‌घाटकाचे नाव. एवढेच!

पापळचे भाऊसाहेब १९३० साली मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले आणि १९३३ च्या कर्जलवाद कायद्यासाठी झटले. सावकाराचे देणे लवादापुढे तपासता येते, तडजोडीने कमी करता येते, हप्त्याने फेडता येते, हे त्या कायद्याने मान्य केले. न फिटणारे कर्ज हा शेतकऱ्याचा गुन्हा नव्हे, असाच त्याचा अर्थ.

हे दगडावर कोरले तर बागेत फिरायला आलेला माणूस विचारील, मग कापूस-ज्वारीवाल्याचे कर्ज आजही का फिटत नाही? हा प्रश्न नको, म्हणून पुढाऱ्यांना मुका पुतळा हवा असतो. जयंतीला हार घालायचा आणि शेतकऱ्याने भाव मागितला की पाठ फिरवायची!

पुतळ्याला आपला विरोध नाही, मुकेपणाला आहे. येत्या सभेत ठराव करू: चौथऱ्यावर कर्जलवादाची हकीकत कोरा. नाही कोरली, तर उद्‌घाटनाला आपण सारे जाऊ आणि ती तिथेच मोठ्याने वाचू.