ओटीपी नवऱ्याच्या खिशात, मग संमती कोणाची?

तुमच्या परवानगीवाचून तुमची आरोग्याची कागदपत्रे कोणी पाहणार नाही, असे सरकार सांगते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा सारा डोलारा 'संमती' या एका शब्दावर उभा आहे. १४ आकडी 'आभा' क्रमांक घ्यायचा, निरनिराळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट त्याला जोडायचे आणि कोणता कागद कोणाला, किती दिवस दाखवायचा ते आपण मोबाइलवर ठरवायचे. पण मैत्रिणींनो, हा मोबाइल कोणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच होता. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातल्या अनेकांचे आभा काढता येतात. म्हणजे गर्भाशय बाईचे, रिपोर्ट बाईचा आणि ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खिशात! आकडे बरोबर आहेत एवढेच यंत्राला कळते. ते कोणी टाकले, दटावून टाकायला लावले का, हे त्याला कळत नाही. ही योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरच्या 'रुग्णा'कडे स्वतःचा फोन आहे आणि घरात त्याला जाब विचारणारे कोणी नाही. असा रुग्ण बहुधा पुरुषच असतो.

१९७१ च्या कायद्याने सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एवढे झगडून मिळवलेले एका मोबाइलच्या पडद्यावर गमवायचे? एचआयव्हीचा रिपोर्ट, मानसिक आजारावरच्या गोळ्या, मारहाणीच्या जखमांची नोंद, यांतले काहीही चुकीच्या हाती पडले तर बाईला घराबाहेर काढायला तेवढे पुरते.

नोंदी नकोत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली सरकारी समितीसमोर आले. शस्त्रक्रिया का केली हे कागदावर नसेल तर जाब विचारायचा कशाच्या आधारावर? तो कागद बाईच्या हाती हवा, ही आपलीच जुनी मागणी आहे.

तशीच 'संमती'ची लबाडीही आपल्याला जुनी ओळखीची. १९८५ साली आंध्रातल्या पाटणचेरूला नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना नीट माहिती न देताच गोळा केले होते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ते उघडकीला आणले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आजही आभा कागदोपत्री ऐच्छिक आहे. पण केसपेपरच्या खिडकीवर "आधार द्या, नंबर सांगा" म्हटल्यावर मागे रांग उभी असताना नाही म्हणणार कोण? २०२१ साली कोविडच्या लशीसाठी आधार दाखवणाऱ्या अनेकांना आपला आरोग्य क्रमांक निघाल्याचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर कळले!

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम हाताने चालवावे लागले. देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाची ही गत, तर तालुक्याच्या दवाखान्याचे काय? आरोग्याची माहिती ज्याची त्याच्या मालकीची, असे म्हणणारा स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ साली आला आणि बासनात गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळी, संवेदनशील अशी जागाच नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. आभा नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारता कामा नयेत. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार आणि हिंसाचार यांच्या नोंदी बाईने वेगळे, एकटीने सांगितल्याशिवाय जोडू नयेत. जोडलेला मोबाइल क्रमांक आरोग्य केंद्रात जाऊन तिला एकटीला बदलता यावा. आपली नोंद कोणी, कधी उघडली ते तिला मराठीत वाचून दाखवावे आणि छापील प्रत मागताच मिळावी.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने विचारू या: माझा आभा निघाला आहे का, आणि तो कोणाच्या नंबरवर? उत्तरे लिहून काढा आणि तो कागद घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या दारात जाऊ या.