कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो?

नाटकाचा प्रेक्षक एका खुर्चीला बांधलेला असतो. दूरचित्रवाणीनेही आरंभी बहुधा तीच खुर्ची पत्करली. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या अमेरिकन मालिकेत समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेरे एकाच वेळी चालवीत. विनोदाला हशा मिळे, नटाला रंग चढे; परंतु कॅमेरे सहसा प्रेक्षकांच्याच बाजूला राहत.

एकाच कॅमेऱ्याने चित्रण करायचे तर दृश्य तुकड्यातुकड्यांनी, प्रकाशयोजना पुनःपुन्हा बदलून घ्यावे लागते. वेळ आणि पैसा दोन्ही अधिक लागतात. मग मिळते काय? कोरियन युद्धातील फिरत्या लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ (१९७२-८३) ही मालिका याचे उत्तर देते. १९७८ मधील तिच्या एका भागात कॅमेरा म्हणजेच गळ्याला जखम झालेला सैनिक. त्याला बोलता येत नाही. डॉक्टर, परिचारिका वाकून त्याच्याशी बोलतात, आणि खाटेवर आपण असतो! वाहिनीच्या आग्रहाने या मालिकेत ध्वनिमुद्रित हशा घालावा लागला. पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नको, हे निर्मात्यांनी मान्य करून घेतले.

तंत्र हे कथेचे दास, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. कॅमेरा कोठे ठेवावा हे ठरविणे म्हणजे कोणाचे दुःख आपले मानावे हे ठरविणे होय. आपल्या कित्येक मराठी मालिकांत एका वाक्यावर घरातील साऱ्यांचे चेहरे पाळीपाळीने दाखवितात. तेव्हा ते दुःख कोणाचेच उरत नाही. आपल्यापैकी जे कोणी उद्या मालिका लिहितील, त्यांनी पहिल्या संवादाआधी स्वतःला विचारावे : हे कोण पाहत आहे?